माझं दुसरं बारसं

घरात पहिली मुलगी झाली की लोक 'लक्ष्मी आली' म्हणतात. दुसरी झाली की 'पहिलीला सोबत झाली' म्हणतात. तिसरीच्या वेळी देवाची मर्जी म्हणून पानसुपारी खाऊन उठतात. चौथीच्या वेळी काय म्हणायचं हे अजून कुणी ठरवलेलं नाही. मी चौथी. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान होतं, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. अप्पा जातीनंही कासार आणि धंद्यानंही. मूळ घर निपाणीकडचं, पण तिथं आता आम्हाला ओळखणारं कुत्रंही नव्हतं. हुबळीच आमचं गाव. गिऱ्हाइकाशी कन्नड, घरात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. सकाळी जाग यायची ती हातगाड्यांच्या चाकांच्या खडखडाटानं आणि हमालांच्या 'सरीऽ सरीऽ' अशा वाट मागणाऱ्या आरोळ्यांनी. मग खाली अप्पा पेटी उघडायचे. गवतात बांधून आलेल्या काचेच्या बांगड्या मोकळ्या करताना जो आवाज होतो तो ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळायचा नाही, आणि ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायची गरज नाही.

कासाराचा धंदा मोठा अजब. देसायांची सून असो की मेथीच्या पेंढ्या विकणारी असो, परक्या पुरुषापुढं बाई निःशंक हात करते ती फक्त कासारापुढं, आणि हात भरून झाला की त्याला वाकून नमस्कार करून उठते. आमच्या घरात 'फुटली' हा शब्द तोंडातून काढायची बंदी होती. बांगडी 'वाढली' म्हणायचं. लहानपणी मी कपबशी फुटली तरी 'वाढली' म्हणायचे आणि एक धपाटा जास्तीचा खायचे.

घराची सूत्रं सोनाआत्याच्या हातात होती. ती अप्पांची थोरली बहीण. ऐन उमेदीत नवरा गेला तशी माहेरी आली आणि आल्या पावली चुलीचा ताबा घेतला. जोंधळ्याच्या भाकरीवर तिचा हात असा पडायचा की खाली दुकानातल्या गिऱ्हाइकालाही भूक लागावी. शेंगाचटणी कुटायची तीही तिनंच. दुसरीनं कुटली तर तिला लसूण कच्चा लागायचा. तिनं एक नेम धरला होता: भावाच्या पोटी मुलगा येईपर्यंत कडबू तोंडात घालायचा नाही. पुरण वाटायची ती, कडबू तळायची ती, वर तुपाची धार धरायची ती, आणि मग आम्ही खात असताना समोर बसून आमच्या पानांकडं अशी बघायची की घास घशात अडकावा. आई मात्र बोलायचीच नाही. चार मुली झालेल्या बाईनं बोलायचं तरी काय, असं तिला वाटत असावं असा माझा आपला समज होता. बाकीच्या तिघींना आत्या एका रांगेत बसवून खसाखसा न्हाऊ घालायची. मला न्हाऊ घालायचं काम मात्र आईनं कधी कुणाला दिलं नाही. न्हाणीचा पडदा ओढून ती मला एकटीला आत घ्यायची. मी तिची लाडकी असेन, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं, कारण दुसरं कुणी मला लाडकी म्हणत नव्हतं.

नागपंचमीला अप्पा आम्हा चौघींचे हात स्वतः भरायचे. त्या वर्षी माझा नंबर आला तेव्हा त्यांनी माझा पंजा हातात घेतला, अंगठ्यानं सांधे दाबले आणि हिरवी बांगडी चढवायला गेले. ती गाठीशीच अडली. त्यांनी मोठं माप घेतलं. तेही अडलं. मग त्याहून मोठं, जे थोराड बायकांसाठी मागच्या खुंटीवर असायचं. थोरली बहीण अक्का हसली, "हमालणीचा हात हाय हिचा!" अप्पा हसले नाहीत. हजारो बायकांचे हात त्यांच्या हातांतून गेले होते. त्यांनी माझ्या मनगटाकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्या मोठ्या मापाच्या बांगड्या घातल्या. त्याच सुमारास माझा आवाज बसला तो उठलाच नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या आमच्या शाळेत प्रार्थनेच्या पहिल्या रांगेतून बाईंनी मला मागं नेऊन उभं केलं. आई ज्येष्ठमधाची काडी चघळायला देत राहिली. बरोबरीच्या मुली एकेक करून न्हात्या झाल्या, त्यांना मखरात बसवून झालं. माझ्याकडून तसली काही वर्दी आली नाही, आणि आईनं ती एकदाही विचारली नाही.

गौरी-गणपतीचा हंगाम म्हणजे दुकानात पाय ठेवायला जागा नसते. एक पेटी उचलताना माझ्या जांघेत कळ आली. तिथं लहानपणापासून एक फुगवटा यायचा आणि आपोआप जायचा. त्या दिवशी तो जाईना. मी गिऱ्हाइकांच्या देखत ओकले आणि आडवी झाले. अप्पांनी मला उचलून टांग्यात घातलं. आई तशीच अनवाणी धावत आली, आणि सबंध वाटभर एकच बोलत राहिली, "इस्पितळ नको हो, वैद्यबुवांकडं चला." अप्पांनी तिच्यावर आवाज चढवलेला मी प्रथमच ऐकला. धारवाडच्या वाटेवर मुलांचं एक इस्पितळ होतं, तिथं टांगा गेला. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. ती माणसं भली होती, त्यांच्या नावाची उगाच चर्चा नको. माझं पोट आवळून आलं होतं, त्यामुळं पुढचं फारसं आठवत नाही. नाकावर धरलेला उग्र वासाचा रुमाल तेवढा आठवतो.

जागी झाले तर शेजारच्या खाटेवर एक मूल रडत होतं, आणि माझ्या उशाशी सोनाआत्या पेढ्याचा पुडा घेऊन उभी होती. इस्पितळात पेढे! मला वाटलं मी मेले आणि हे काहीतरी वेगळंच चाललंय. आत्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडभर हसू होतं. तिनं माझ्या तोंडात पेढा कोंबला, शुद्धीवर आलेल्या पेशंटला काही देऊ नका म्हणून नर्स ओरडत होती तरी कोंबला, आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं, ऐकलीस काय? तू पोरगी न्हवंच! पोरगा हाईस पोरगा! देवानं आमची चेष्टा केली हुती गं इतकी वर्षं!"

मी पेढा थुंकला. आज सत्तरी ओलांडून मी हे लिहिते आहे, तरी तो पेढा अजून विसरले नाही. नंतर कळलं ते असं: ऑपरेशन करताना डॉक्टरांना दिसलं की माझ्या अंगाची घडण धड मुलीची नाही, पुरती मुलाचीही नाही. त्यांनी अप्पांना बाहेर बोलावून कन्नडमध्ये सांगितलं की मूल वाढेल तसं मुलासारखं दिसू लागेल, पुढं काय करायचं ते टाके सुकल्यावर बसून बोलू, तोवर कुठं बोलू नका. मागाहून आलेली आत्या दाराशी होती. तिनं त्यातलं 'मुलासारखं' एवढंच उचललं आणि बाकीचं तिथंच ठेवून दुर्गदबैल गाठलं. संध्याकाळपर्यंत बाजारात अशी पेढ्यांची दुकानं उरली नाहीत जिथं आमची उधारी झाली नाही. आता या गोष्टीला डॉक्टरी नाव आहे. माझ्या बहिणीची एक नात डॉक्टर आहे, तिनं ते मला सांगितलंही. फार लांबलचक आहे. या वयात मी त्या नावाचं काय करू? ठेवून दिलं.

इस्पितळातून घरी आणलं तर जिन्यापासून रांगोळी. माजघरात पाळणा टांगलेला. तोच पाळणा, ज्यात आम्ही चौघीही वाढलो. गल्लीतल्या बायका नटून बसलेल्या, मराठी आणि कन्नड, दोन्हीकडच्या. आत्यानं माझं बारसं मांडलं होतं. पहिल्या वेळी माझं 'कुसुम' हे नाव कानात सांगणारी तीच, आता नवं नाव ठेवायचा मानही तिचाच. मी पाळण्यात मावणार नव्हते हे उघड होतं. म्हणून रिवाजाप्रमाणं बाळाआधी वरवंटा फिरवतात, तोच वरवंटा टोपडं घालून पाळण्यात ठेवला होता, आणि मला मामेभावाची अर्धी चड्डी आणि सदरा घालून शेजारी पाटावर बसवलं. चड्डीखाली टाके ओढत होते. बायकांनी "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत वरवंटा पाळण्याखालून इकडून तिकडं दिला. मला हसू येत होतं, आणि ते हसू बाहेर आलं तर मी रडेन हेही मला कळत होतं. तेवढ्यात अप्पा साबणाचं पाणी घेऊन आले आणि पाटासमोर बसले. पंचमीच्या बांगड्या उतरवायच्या होत्या. कासाराच्या घरात बांगडी फोडून काढणार कशी? म्हणून एकेक करून, साबण लावून, सांधे दाबत त्यांनी त्या काढल्या. काढलेली एकेक बांगडी अप्पा पुन्हा पुन्हा पुसत होते. आनंदानं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही तेच वाटलं, आणि त्याचंच मला सगळ्यांत जास्त लागलं. मग आत्या माझ्या कानाशी वाकली, तिच्या तोंडाला मिसरीचा वास होता, आणि ती म्हणाली, "कृष्णाजी." नंतर तिनं पान घेतलं आणि इतक्या वर्षांनी पहिला कडबू खाल्ला. एक नाही, हावरटासारखे चार खाल्ले. आई चुलीपुढून उठली नाही.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझे लाड झाले. भाकरीचा कडक पापुद्रा, जो आम्ही मुली भांडून मिळवायचो, तो आपसूक माझ्या ताटात पडू लागला. अप्पा मला गल्ल्याजवळ बसवू लागले, आल्यागेल्याला "आमचा कृष्णाजी" म्हणून दाखवू लागले. बहिणी लांब झाल्या. माझी रोजची जागा तिसरीच्या, सरूच्या, अंथरुणात होती. तिनं तिचं अंथरूण उचलून पलीकडं नेलं आणि मी हाक मारली तर पदर सारखा केला. ती माझी सरू! ज्यानं त्यानं येऊन माझ्याकडं बघावं. हमाल बघायचे, गिऱ्हाइकं बघायची, नीलव्वा म्हणून शेजारी धान्याच्या दुकानातली बाई होती ती तर हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवून बघायची. टाके सुकले की मोठं ऑपरेशन करायचं आणि 'पुरतं काम उरकायचं' असं अप्पा आणि आत्यानं ठरवून टाकलं होतं. काय उरकणार, कुठं कापणार, हे मला कुणी सांगत नव्हतं. मी भेदरून गेले होते. मला कृष्णाजी व्हायचं होतं का? नाही. इतकं साधं होतं ते. पण साधी गोष्ट सांगायलासुद्धा कुणीतरी विचारावं लागतं.

ठरल्या दिवशी आम्ही चौघं डॉक्टरांच्या खोलीत बसलो: अप्पा, आत्या, आई आणि चड्डी-सदऱ्यातली मी. डॉक्टर वयस्क होते, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं तुटक. त्यांनी टाके पाहिले, मान हलवली आणि कन्नडमध्ये अप्पांना म्हणाले, "हर्निया होता, तो बसवला. तो बसवला नसता तर मूल गेलं असतं. बाकीचं शरीर ठणठणीत आहे. मुलाचं करायचं तर एक रीत, मुलीचं करायचं तर दुसरी. दोन्हींत कापाकापी आहे, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. घाई कसलीच नाही." मग खुर्ची वळवून ते थेट माझ्याकडं बघत म्हणाले, "निनगेन बेकव्वा?" तुला काय पाहिजे, बाळ?

त्या काळात भाजी आणखी वाढू का हेही मुलांना कुणी विचारत नसे. ते उत्तराची वाट बघत होते, खरोखरच बघत होते, आणि मी सदऱ्याचं बटण पिळत होते.

आत्या म्हणाली, "त्याला काय कळतंय, डॉक्टरसाहेब? आम्ही सांगतो की. पोरगा करा."

"मी बाप आहे," अप्पा म्हणाले. "माझा होकार आहे. आजच करा म्हटलं तरी माझी तयारी आहे."

"बापाच्या होकारावर मी हर्निया केला. हे करणार नाही. मूल मोठं होऊन माझ्यापुढं येऊन बोलेल तेव्हा करीन, नाहीतर नाही."

"मग मी मिरजेला नेतो," अप्पा उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मुंबईला नेतो. दुकान विकून नेतो. चल रे कृष्णा."

त्यांनी माझं मनगट धरलं आणि मी उठलेही. आणि तेव्हा मागून आवाज आला, "न्यायचं न्हाई."

आई बोलली होती. भिंतीशी बसलेली आई. अप्पा वळून बघतच राहिले. खोलीत दुसरीच कुणी बाई आहे की काय असं त्यांनी बघितलं.

"मला ठाऊक हुतं," आई म्हणाली. "जन्मली तवाच ठाऊक हुतं. सुईणीनं दाखवलं. म्हणाली, बाई, हे असं बी हाय आन् तसं बी हाय. पोरगा म्हण, तुझं नशीब उघडंल. मी म्हटलं, पोरगी सांग."

आत्याचा आवाज फाटला, "पोरगी सांग? का गं? मी इतकी वरसं तोंडावर ताबा ठेवला, नवस केले, आन् तू... का सांगितलीस?"

"पोरगा सांगितलं असतं तर तुम्ही मांडीवर घिऊन तेल लावलं असतं, वन्सं. लंगोट सोडून सगळ्या गल्लीला दाखवलं असतं. आन् मग कुणीतरी म्हणालं असतं, हे देवीचं लेकरू, यल्लम्माच्या डोंगरावर नेऊन जोगत्यांत सोडा. तुम्हीच म्हणाला असता. चौथ्या पोरीकडं कोण बघतंय? तुम्ही बघितलं काय कधी? ह्यांनी बघितलं? म्हणून मी पोरगी सांगितलं. कुणी बघू नये म्हणून."

माझ्या आयुष्यात एवढा धक्का मला ना त्याआधी बसला होता, ना त्यानंतर बसला. मला कुणी विचारत नाही, माझ्याकडं कुणी बघत नाही, याचं मी लहानपणभर रडू गिळलं होतं. आणि ती भिंत माझ्या आईनं उभी केली होती, माझ्याभोवती, स्वतःच्या सगळ्या मानावर पाणी सोडून. एक शब्द बोलली असती तर मुलाची आई म्हणून त्या घरात तिचं राज्य झालं असतं. चार मुलींची आई म्हणून ती बोलणी खात बसली. मी तिच्याकडं धावले वगैरे नाही. मी तिथंच उभी राहिले आणि मला तिचा राग आला, भयंकर राग आला, आणि तो राग असतानाच मला वाटलं की हिच्याइतकं मला कुणीही कधी बघितलेलं नाही.

अप्पांनी माझं मनगट सोडलं. ते खुर्चीत बसले. त्यांनी आईला विचारलं, "मग आता काय करायचं, तूच सांग."

"मला इचारू नका," आई म्हणाली. "तवा मीच ठरवलं हुतं. आता तिला इचारा."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. "कुसुम," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते नाव ऐकलं. "तू सांग. काय करू?"

"मला कापू नका," मी म्हणाले. माझा तो नवा जाडा आवाज खोलीत घुमला आणि मी त्याला घाबरले नाही. "मी कुसुमच आहे. आवाज येऊ दे नाहीतर मिशा येऊ देत. मी कुसुमच राहणार."

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. "दुखलं तर ये. मोठी झालीस आणि काही विचारावंसं वाटलं तर एकटी ये," म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं. मी पुढं गेलेही, एकदा, विचारायला; ते वेगळं. ऑपरेशन मी कधीच केलं नाही. मिशा थोड्या आल्याच. लग्न केलं नाही, दुकान मात्र अप्पांमागं मीच चालवलं, आणि दुर्गदबैलात बायका हात भरून झाला की मला वाकून नमस्कार करतात. फोनवर लोक मला 'साहेब' म्हणतात. म्हणू देत.

त्या दिवशी आम्ही टांग्यानं घरी निघालो. सोनाआत्या तोंड फिरवून बसली होती, खांदे हलत होते, आणि मला वाटलं आता ही घरात पाऊल ठेवल्याबरोबर आकाशपाताळ एक करणार. घरासमोर बायका जमल्याच होत्या. नीलव्वा पुढं झाली, "काय झालं हो? आमचा कृष्णाजी कसा आहे? झालं का ऑपरेशन?" आणि नेहमीसारखी तिनं माझी हनुवटी धरायला हात पुढं केला. साऱ्या बाजारानं अप्पांचे पेढे खाल्ले होते. तरी ते म्हणाले, "आमची कुसुम बरी आहे." मागच्या बाया पुढं सरकल्या. कुणीतरी हसलं. कुणीतरी माझ्या सदऱ्याला हात लावून बघितला.

तेव्हा सोनाआत्या आमच्या मधून पुढं आली. तिनं नीलव्वाचा हात धरून बाजूला केला, मला आत ढकललं, आईला आत घेतलं, आणि उंबऱ्यात पाय रोवून उभी राहिली. "बघितलंसा न्हवं? पुष्कळ बघितलंसा," ती म्हणाली. "आता जावा आपापल्या घरी." आणि भर दुपारी, गल्लीच्या तोंडावर, तिनं आमचं दार लावून आतून कडी घातली.